‘मिन्स वर्ड्स’: खिमा, डोणी आणि तुमचा तो मेल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेतल्या ग्राहकाच्या टीमकडून चाचणीचा डेटा पुन्हा पुन्हा उशिरा येतोय. तुम्ही वैतागून एक कडक मेल लिहिलात. त्याची सुरुवात होती ‘लेट मी कॉल अ स्पेड अ स्पेड’, म्हणजे फावड्याला फावडंच म्हणतो, स्पष्टच बोलतो. मॅनेजर म्हणाले, हे तिकडे चालत नाही, काढा. मग तुम्ही त्या जागी ‘आय विल नॉट मिन्स वर्ड्स’, म्हणजे मी मऊ करून सांगणार नाही, असं घातलंत. आता विचारताय की हे बरोबर आहे का, आधीच्यात नेमकं काय वावगं होतं, आणि आपल्याकडे याला चपखल काय म्हणतात.

मी गेली २७ वर्षं भाषांतरं करतोय आणि नोकरदार मंडळींना इंग्रजी पत्रव्यवहार शिकवतोय, त्यामुळे आधी निकाल देऊन टाकतो. व्याकरण बरोबर, अर्थ बरोबर, आणि तरीही ते वाक्य काढा. का काढा, हे सांगायला मात्र मला खिम्यापासून सुरुवात करावी लागेल.

मिन्स म्हणजे खिमा. इंग्लंडात खाटकाकडे मिन्स मागितलं की बारीक केलेलं मांस मिळतं. अमेरिकेत मांसाला ‘ग्राउंड’ म्हणतात आणि मिन्स करतात ती लसूण. शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, त्याच्या मागे लॅटिनचा ‘मिनुटुस’, म्हणजे लहानसं, बारीक. घड्याळातलं मिनिट आणि हॉटेलातलं मेन्यू कार्ड ही याच घराण्यातली भावंडं. तेव्हा बोलणं ‘मिन्स’ करायचं म्हणजे कडक गोष्ट इतकी बारीक चिरून वाढायची की समोरच्याला चावावं लागू नये. घास तसाच घशाखाली उतरावा.

१७ व्या शतकाच्या सुरुवातीला हे क्रियापद होकारार्थी सुद्धा चालत होतं. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकात मारामारीची हकीकत इयागो सेनापती ऑथेल्लोला अगदी जपून, त्यात सापडलेल्या कॅसिओ या अधिकाऱ्याला सांभाळून घेतोय असं दाखवत सांगतो. त्यावर ऑथेल्लो म्हणतो, तुझा प्रामाणिकपणा आणि तुझं प्रेम हे प्रकरण ‘मिन्स’ करतंय, कॅसिओसाठी हलकं करतंय. (मारामारी लावून देणारा इयागोच, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं, ऑथेल्लोला नसतं.) दुसऱ्या एका नाटकात रोमहून आलेला निरोप्या चाचरतोय असं पाहून अँटनी त्याला दटावतो की लोक बोलतात ते बारीक करून सांगू नकोस, रोममध्ये क्लिओपात्राला जे म्हणतात तेच म्हण. हा नकारार्थी प्रयोग. आज बहुतेक तेवढाच उरलाय.

याच शब्दाचं एक गमतीदार पिल्लू म्हणजे ‘मिन्स्ड ओथ’, चिरून निरुपद्रवी केलेली शिवी. ‘गॉड’ म्हणायचं नाही म्हणून ‘गॉश’, ‘डॅम’ नको म्हणून ‘डार्न’, ‘हेल’ नको म्हणून ‘हेक’. हसू नका, मुंबई-पुण्याकडची पोरं चारचौघांत जी ‘भेंडी’ घालतात ती याच जातीची भाजी आहे.

आता वापराकडे येऊ. हा वाक्प्रचार नकाराशिवाय जगत नाही. आपल्याकडे ‘सुतराम’ जसा. ‘सुतराम शक्यता नाही’ म्हणतो, ‘सुतराम शक्यता आहे’ कुणी म्हणत नाही. तसं ‘ही डझन्ट मिन्स वर्ड्स’, ‘शी वॉज नेव्हर वन टू मिन्स वर्ड्स’ हे रोजचं बोलणं; ‘ही मिन्स्ड हिज वर्ड्स’ म्हटलं तर ऐकणारा थबकतो आणि तुम्ही मुद्दाम काही कोटी करताय का ते बघतो. मधे ‘हिज’, ‘माय’ घातलं तरी चालतं, न घातलं तरी चालतं. ब्रिटिश लोक ते जास्त घालतात. ‘मिक्स वर्ड्स’ असं काही नसतं, तरी दर वर्गात एकजण ते लिहितोच. आणि कानाला ते ‘मिन्ट्स’सारखं ऐकू येतं म्हणून एकीने ‘डोन्ट मिंट वर्ड्स’ लिहिलं होतं. नवे शब्द पाडू नका, असा त्याचा काहीतरी अर्थ झाला असता. मला तो आवडला होता, पण गुण कापावे लागले.

आपल्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी तर या वाक्प्रचाराचा चोथा केलाय. न्यायालयाची बातमी असली की ‘मिन्सिंग नो वर्ड्स, द कोर्ट सेड...’ ठरलेलं. यात चूक काहीच नाही, फक्त झिजून गुळगुळीत झालंय. चूक होते ती पुढे, जेव्हा वाक्याचा कर्ता निसटतो. ‘मिन्सिंग नो वर्ड्स, द रिपोर्ट वॉज रिजेक्टेड.’ म्हणजे भीड सोडली कुणी? अहवालाने? ऑफिसच्या अहवालांत हे सर्रास असतं, तेवढं सांभाळा.

पण व्याकरणाहून महत्त्वाची गोष्ट अशी की हे वाक्य बहुधा दुसऱ्याने दुसऱ्याबद्दल, आणि बोलणं होऊन गेल्यावर म्हणायचं असतं. ‘बाई काल मीटिंगमध्ये बोलल्या, आणि काही राखून बोलल्या नाहीत’ असा त्याचा सूर. स्वतःबद्दल आणि आधीच म्हटलं की ती घोषणा होते. शिवाय त्याच्यामागून जे येतं ते कडूच असणार, अशी वाचणाऱ्याची खात्री असते. ‘आय विल नॉट मिन्स वर्ड्स, युवर वर्क इज एक्सलंट’ असं कुणी लिहिलं तर तो विनोद ठरेल.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, फजिती होऊन कळलं. फार वर्षांपूर्वी एका संस्थेच्या अध्यक्षांच्या पंच्याहत्तरीची गौरविका इंग्रजीत करायचं काम आलं होतं. मराठी मजकुरात होतं, ‘आण्णा स्पष्टवक्ते आहेत’. मी ऐटीत लिहिलं, ‘ही नेव्हर मिन्सेस वर्ड्स’. छापून झालं, वाटून झालं. परदेशात राहणाऱ्या त्यांच्या नातीने ते वाचून विचारलं की आजोबा संस्थेत सगळ्यांवर इतके ओरडतात का? आण्णा आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते. त्यांचा स्पष्टवक्तेपणा म्हणजे देणगीदाराला ‘ही रक्कम आम्हाला या अटीवर नको’ असं शांतपणे सांगणं. तिथे ‘कॅन्डिड’ किंवा ‘फोर्थराइट’ हवं होतं. ‘मिन्स’मध्ये सुरी आहेच. ती चालवली नाही असं म्हटलं तरी वाचणाऱ्याला सुरी दिसते.

आता तुमचा मेल समोर ठेवतो. तुम्ही लिहिलंय:

‘आय विल नॉट मिन्स वर्ड्स. युवर टीम हॅज बीन व्हेरी कॅलस अबाउट टाइमलाइन्स. धिस इज नॉट अ‍ॅक्सेप्टेबल. काइंडली डू द नीडफुल.’

चार वाक्यं, आणि एकातही काय झालं ते नाही. ‘कॅलस’ तर फारच जपून. आपल्याकडे वर्तमानपत्रं तो शब्द ‘बेपर्वा’, ‘ढिसाळ’ अशा अर्थी वापरतात. तिकडे कॅलस म्हणजे निर्दयी, ज्याच्या काळजाला घट्टा पडलाय असा माणूस. डेटा उशिरा पाठवला म्हणून तुम्ही त्यांना निर्दय म्हटलंत! आणि इतकं बोलून शेवटी ‘डू द नीडफुल’. म्हणजे आधी गर्जना केली आणि काय हवंय ते सांगायचंच राहिलं.

तुमच्या मेलखालची जी साखळी पाठवलीत त्यातूनच मी हे काढलं:

‘द टेस्ट डेटा वॉज ड्यू ऑन द फोर्थ. इट रीच्ड अस ऑन द इलेव्हन्थ. धिस इज द थर्ड लेट डिलिव्हरी धिस क्वार्टर. इफ द नेक्स्ट सेट इज नॉट हिअर बाय द एटीन्थ, वी विल मिस द रिलीज.’

यात एकही वाक्प्रचार नाही, विशेषणं म्हणाल तर ‘लेट’, ‘नेक्स्ट’ अशी साधीच. तुमच्या मेलला ‘सॉरी इफ यू फेल्ट दॅट वे’ असं उत्तर देऊन ते मोकळे झाले असते. याला तसं उत्तर देता येत नाही, कारण तुम्हाला काय वाटलं हे यात कुठे आलेलंच नाही. चार तारीख की अकरा तारीख, एवढाच वाद घालता येईल, आणि तो ते घालणार नाहीत.

मग मुळात तुम्हाला ते पहिलं वाक्य का लिहावंसं वाटलं? माझा अंदाज सांगतो. तुमच्या मनात मराठी चाललं होतं. ‘स्पष्टच सांगतो, राग मानू नका.’ आपण हे वाक्य दिवसातून चार वेळा म्हणतो, सोसायटीच्या सभेत, लग्नाच्या बैठकीत, वरिष्ठांच्या केबिनमध्ये. ते उद्धट नसतं. उलट त्यात नम्रता असते. मला तुमची भीड आहे, ती आत्ता थोडा वेळ बाजूला ठेवायची परवानगी द्या, असं ते सांगतं. ‘आय विल नॉट मिन्स वर्ड्स’मध्ये परवानगी मागणं अजिबात नाही. मराठीत जे दार वाजवणं आहे ते इंग्रजीत लाथ मारून दार उघडणं झालं. तुम्हाला दार वाजवायचंच असेल तर ‘आय वॉन्ट टू बी डायरेक्ट अबाउट धिस’ इतपत ठीक आहे. मी तेही ठेवणार नाही, पण ठेवलंत तर बिघडणार नाही.

इथे दोन भाषांमधला एक फरक मला फार रोचक वाटतो. इंग्रजी वाक्प्रचार शब्दांचं काय केलं ते सांगतो, चिरले की नाही चिरले. मराठी माणूस त्याच प्रसंगी माणसांबद्दल बोलतो. भीड न ठेवता, मुलाहिजा न राखता, कुणाची पत्रास न बाळगता, मुर्वत न ठेवता. एवढे शब्द आहेत, पण त्यांत शब्दांचा उल्लेखच नाही. समोर कोण बसलंय आणि त्याच्याशी आपलं काय नातं, यावर सगळा भर. ‘भीड’ला इंग्रजीत एकच नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही. लाज नाही, भीती नाही, आदरही नाही, तिन्हीचं मिश्रण आहे. ‘भीड भिकेची बहीण’ म्हणणाऱ्या समाजाला तिचा त्रासही पुरेपूर माहीत आहे.

म्हणून भाषांतरात ‘मिन्स वर्ड्स’ला शब्द शोधत बसायचं नसतं. वर्गात मी एक वाक्य देतो: लेखापरीक्षकाने गहाळ पावत्यांबद्दल ‘डिड नॉट मिन्स वर्ड्स’. हमखास उत्तर येतं, ‘लेखापरीक्षकांनी शब्दांची काटछाट केली नाही’. वाचणाऱ्याला वाटेल, साहेब तासभर बोलले. खरं तर असा माणूस बहुधा कमीच बोलतो. ‘पावत्या नाहीत, हे लेखापरीक्षकांनी कुणाची भीड न ठेवता सांगितलं’ हे मराठी झालं. बातमीचा मथळा असेल तर ‘लेखापरीक्षकांनी सुनावलं’ एवढ्यात काम होतं.

एक सापळा मात्र दाखवून ठेवतो, कारण हुशार विद्यार्थी नेमके त्यातच पडतात. मिन्स म्हणजे बारीक करणं, मग ‘शब्दांचा कीस पाडणं’ चालेल की! नाही चालत. कीस पाडणारा क्षुल्लक मुद्द्यावर वाद घालतो, मऊ करून सांगत नाही. वकिलाने करारातल्या एका ‘आणि’वर दोन तास घातले तर तो कीस. मिन्स करणाऱ्या बोलण्याला आपला खरा शब्द ‘गुळमुळीत’. ना होकार ना नकार, गुळाच्या ढेपेसारखं चिकट आणि कडा नसलेलं.

कडा म्हटलं म्हणून आठवलं. इंग्रजीत स्पष्ट बोलणारा ‘ब्लंट’ असतो, म्हणजे शब्दशः बोथट. ‘नॉट टू पुट टू फाइन अ पॉइंट ऑन इट’ हा दुसरा वाक्प्रचारही तेच सांगतो, टोक फार तासत बसत नाही. त्या भाषेत बारीक, टोकदार, नाजूक म्हणजे आडवळणाचं. आणि जाडंभरडं म्हणजे खरं. मराठीत बरोबर उलटं. आपला स्पष्टवक्ता सडेतोड असतो, त्याची भाषा धारदार, तो एक घाव दोन तुकडे करतो. टीका ‘बोथट’ झाली म्हणजे आपल्या लेखी ती वाया गेली. त्यामुळे ‘ब्लंट क्रिटिसिझम’चं ‘बोथट टीका’ करणाऱ्याने अर्थ डोक्यावर उभा केलेला असतो. आणि मराठीतून इंग्रजीत जाताना ‘धारदार’चं ‘शार्प’ केलं तर निम्मं साधतं, पण ‘शार्प टंग’ केलं की जिभेला काटा येतो. तो आपल्या ‘फटकळ’च्या जवळ जातो. स्पष्ट, परखड, सडेतोड, फटकळ ही मराठीतली चढण आहे. पहिले तीन तुम्ही कुणाच्या सत्काराच्या भाषणात म्हणू शकता. चौथा म्हणालात तर हार परत मागतील.

राहिलं तुमचं फावडं. तुमचे मॅनेजर बरोबर आहेत, पण कारण त्यांनी अर्धंच सांगितलं.

‘कॉल अ स्पेड अ स्पेड’चा उगम एका फितुरीच्या किश्श्यात आहे. ऑलिंथस हे ग्रीक शहर इ.स.पू. ३४८ मध्ये मॅसिडोनियाच्या फिलिपच्या, म्हणजे अलेक्झांडरच्या बापाच्या, हाती पडलं. आतून फितूर झालेल्यांत लास्थेनिस नावाचा एकजण होता. ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने पुढे लिहून ठेवलेली आठवण अशी की लास्थेनिसच्या माणसांनी फिलिपकडे गाऱ्हाणं केलं, तुमचे लोक आम्हाला गद्दार म्हणतात. फिलिप म्हणाला, आमचे मॅसिडोनियन आडदांड आणि गावंढळ, ते ‘स्काफे’ला स्काफेच म्हणतात. काम करून घेतलं आणि वर हा टोला! स्काफे म्हणजे कोरून पोकळ केलेली वस्तू. आपली ‘डोणी’ तशीच, गुरांना पाणी पाजायची तीही डोणी आणि पाण्यात तरंगते तीही डोणी. म्हणजे मूळ म्हण होती ‘डोणीला डोणी म्हणणे’.

त्या डोणीचं फावडं केलं इरॅस्मस या डच पंडिताने. १६ व्या शतकात ग्रीक वचनं लॅटिनमध्ये आणताना त्याने खणायच्या अवजाराचा शब्द घातला. ग्रीकमध्ये स्काफेच्या अगदी जवळचा, खणण्यावरून आलेला शब्द आहे, त्याच्याशी बहुधा गल्लत झाली असावी. १५४२ मध्ये निकोलस युडॉलने ते इंग्रजीत आणताना ‘स्पेड’ लिहिलं आणि तेच रूढ झालं. इरॅस्मस इतका मोठा पंडित, पण चूक आपल्यासारखीच. भाषांतरकारांना याचं फार समाधान वाटतं, निदान मला तरी.

तेव्हा मुळात यात वंशाचा काही संबंध नाही. पण १९२० च्या दशकात अमेरिकेत ‘स्पेड’ ही कृष्णवर्णीयांसाठी हिणकस शिवी झाली. ती आली पत्त्यातून. इस्पिकच्या एक्क्यासारखा काळा, या उपमेतून. पत्त्यातला ‘स्पेड’सुद्धा फावडं नव्हे, तो इटालियनमधल्या तलवारींवरून आला. म्हणजे म्हण वेगळी, पत्ता वेगळा, शिवी पावणेचारशे वर्षांनी उशिराची. हे सगळं खरं असलं तरी मेल वाचणारा माणूस व्युत्पत्तीचा कोश उघडून बसत नाही. त्याच्या कानावर आधी काय पडलंय तेच त्याला ऐकू येतं. ब्रिटनमध्ये बोलण्यात अजूनही ती म्हण चालते. अमेरिकेत बरेच संपादक ती टाळतात. ज्याच्याबद्दल इतकं स्पष्टीकरण द्यावं लागतं ते वाक्य स्पष्ट बोलण्यासाठी वापरण्यात अर्थ काय, असं माझं म्हणणं.

तरी एक सांगतो. कुणी अमेरिकन सहकारी बोलताना ती म्हण वापरून गेला, तर त्याला अडवून धडा द्यायला जाऊ नका. आणि तुम्ही पूर्वी एखाद्या मेलमध्ये ती लिहिली असेल तर आता माफीचा मेलही नको. त्याने फक्त ज्याचं लक्ष गेलं नव्हतं त्याचं जाईल.

नोकरीच्या मुलाखतीतही हे दोन्ही वाक्प्रचार टाळा. ‘तुमचे गुण सांगा’ म्हटल्यावर ‘आय डोन्ट मिन्स वर्ड्स’ असं सांगणारे उमेदवार मी मुलाखतीच्या सरावात खूप पाहिलेत. समोरच्या पॅनेलला त्यातून एवढंच कळतं की हा माणूस टीममध्ये भांडतो. त्याऐवजी एखादी वेळ सांगा, जेव्हा तुम्ही वरिष्ठांना ‘ही तारीख जमणार नाही’ असं वेळेत सांगितलंत.

तुमच्या मेलबद्दल शेवटची सूचना. विषयाच्या ओळीत ‘अर्जंट’ आणि तीन उद्गारचिन्हं आहेत, ती काढून ‘टेस्ट डेटा: नीडेड बाय एटीन्थ’ एवढंच घाला. सीसीमध्ये त्यांच्या उपाध्यक्षांना घेतलंय, त्यांना या वेळी वगळा. ते पुढच्या उशिरासाठी राखून ठेवा. आणि मेल आत्ता रागाच्या भरात पाठवू नका. त्यांची सकाळ होते तेव्हा तुम्ही जेवून उठलेले असता, तेव्हा एकदा वाचा आणि मग पाठवा.